स्पेसर

मे महिन्याचा तिसरा आठवडा, मानेवाड्यात रात्री दीडलाही
भिंती अजून दुपारच्याच.
कुलरचं पाणी संपत आलंय, पंप कोरडा घरघरतोय,
आणि माझा घोडेस्वार चौथ्यांदा पुलावर गेला.
तलवारीने गेला असता तर चाललं असतं.
एक खूर फळीवर, दुसरा अजून हवेत,
आणि खेळच मिटला. मागे डेस्कटॉप,
त्यावर ताईच्या साखरपुड्याचा फोटो,
सगळे हसताहेत.

एकशे सत्त्याऐंशी मॉड.
कुणी धुकं दिलेलं, कुणी पावलांचे आवाज,
एकाने फक्त कोंबड्यांची पिसं नीट केलीत.
का, ते विचारू नये, पण काढवतही नाहीत.
लॉग उघडला. शेवटची ओळ आठ शून्यं, मग एक ब,
मग काहीच नाही,
तर्री-पोहे अर्धे टाकून उठून गेलेलं गिऱ्हाईक.

मग रीत धरली. अर्धे बंद, अर्धे चालू.
पहिले त्र्याण्णव लावले, घोडा पूल ओलांडून गेला.
म्हटलं सापडला, चोर उरलेल्या चौऱ्याण्णवांत.
ते लावले. घोडा पुन्हा गेला,
पलीकडच्या काठावर शेपूट हलवत उभा.
सगळे लावले.
फळी. हवा. साखरपुडा.

दोन्ही अर्धे निर्दोष, आणि बेरीज मरते.

अडीचला कुंदाआत्या ड्यूटीवरून आली.
एकवीस वर्षं ती महावितरणच्या खांबांवर चढते,
फॉल्ट सापडला की नाही ते तिच्या बुटांच्या आवाजावरून कळतं.
माठातलं पाणी पितापिताच म्हणाली, "काऊन बे, झोपला नाहीस?"
सांगितलं. तिला खेळ कळला नाही, पूल कळला.
"बेसा फीडरवर आज हेच होऊन राहिलं होतं.
एक फेज पाहिला, बरा. दुसरा पाहिला, बरा.
वारा सुटला का दोघं एकमेकाले लागते, अन् ट्रिप.
तार वाईट नसते रे. झोल वाईट असते."
"मग काय करता?"
"मधात स्पेसर टाकतो. हातभर प्लॅस्टिक.
दोघंही राहते, लागत नाही."
हेल्मेट माझ्या कीबोर्डशेजारी ठेवून
ती गच्चीवर झोपायला गेली.

पहिला अर्धा तसाच धरून
दुसऱ्यातली मूठ-मूठ टाकत गेलो.
साडेचारला सापडले दोघे.
एक पाऊस, कुठल्याशा अनोळखी माणसाचा,
दिसेल त्या लाकडाला ओलं करणारा.
दुसरी सुगतची संत्र्याची झाडं.
सुगत मेश्राम, माझ्या बाकावरचा.
काटोलला मामाच्या बागेचे फोटो काढून
एका उन्हाळ्यात त्याने ती खेळात लावली होती,
पानांची मागची फिक्कट बाजूसुद्धा.
फळं तेवढी मनाने रंगवलेली,
मे महिन्यात झाडावर नुसत्या हिरव्या गोट्या असतात.
पुलाच्या कडेला सात झाडं, मुळं थेट फळ्यांत शिरलेली.
आता तो हैदराबादला आहे. फाइल तीन वर्षांत बदललेली नाही.
मीही फोन केलेला नाही, खरं तर.

पाऊस म्हणतो पूल माझा, झाडं म्हणतात आमचा,
एकाच सातबाऱ्यावर दोघांचं नाव.
एक खूण पुसली असती की मिटलं असतं.
अकरा ओळींची फाइल लिहिली.
फळ्या पावसाच्या, मुळं झाडांची.
आधी झाडं, मग पाऊस.

दुसरा खूर टेकला.
मी पलीकडे गेलो नाही. मध्येच थांबलो,
संत्र्यांवरून पाणी ओघळत होतं,
आणि इकडे खोलीत कुलर पूर्ण कोरडा.
चित्र टिपलं, पहाटे पाचला सुगतला पाठवलं,
खाली एवढंच,
"काऊन बे, झोपला का?"

मग गावाच्या वेशीपर्यंत गेलो,
आणि खेळ पुन्हा पडला.
तिथे कोंबड्या होत्या.